डावीकडे ओढणारी जीप

टायरवर बोट ठेवलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या जुन्या फोर-बाय-फोर जीपचा पुढचा डावा टायर आतून नव्यासारखा होता, बाहेरच्या कडेला मात्र पार गुळगुळीत.

दोन वर्षं मी ओरडतोय, गाडी डावीकडे ओढते. प्रत्येक गॅरेजात एकच उत्तर, "जुनी गाडी आहे साहेब, ओढणारच." मग पुढचे टायर मागे टाकायचे, मागचे पुढे आणायचे आणि हसत किल्ली हातात द्यायची. झिजलेलं मागे नेलं की दुखणं संपलं म्हणे! मीही निमूटपणे स्टिअरिंग उजवीकडे ताणून धरत राहिलो. खांदा दुखायला लागला तेव्हा डॉक्टरही म्हणाले, "वय झालं, दुखणारच." न तपासता बोलायला किती सोपं असतं हे!

काल एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी चाक जॅकवर उचललं, वरून-खालून धरून हलवलं. खट्‌ आवाज आला.

"चाक धरून ठेवणारा बॉल जॉइंट झिजून गेलाय. कुणी हलवूनसुद्धा बघितलं नाही?"

नाही. मीसुद्धा नाही.

नवा जॉइंट बसला. मी चिडूनच गाडी काढली, तर ती थेट उजवीकडच्या कुंपणावर निघाली. मिस्त्री मागून ओरडले, "अहो, ओढताय कशाला? आता सरळ जाते ती!"