लांबड्या मोटारीची काच

बावड्याच्या शाळेत चौथीचा वर्ग चालू होता. बारामतीहून आलेल्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. हा माणूस आपण होऊन शाळेची पायरी चढला म्हणजे काही बरं नसणार, हे मला तेवढ्यातच कळलं. "मास्तर, म्हाळूतात्या गेलं," तो म्हणाला. "सकाळी दुकानात बसल्या बसल्या छातीत कळ आली. पानी मागितलं, ते यायच्या आतच..." मी खडू खाली ठेवला, पोरांना सुट्टी दिली. सांगायला लाज वाटते, पण डोक्यात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. ते सांगायचं राहिलं, आता कायमचं राहिलं, हा होता. त्याला पाच आठवडे झाले. जे त्याच्यापाशी बोलायला मला सहा वर्षं मिळाली आणि तरी बोललो नाही, ते आज इथं लिहितो आहे. अंगात धाडस आलं आहे असं कुणी समजू नये. ऐकून घेणारा गेला, म्हणून लिहितो आहे.

म्हाळू माझ्याहून चारच वर्षांनी मोठा, पण सगळी बारामती त्याला तात्या म्हणे, म्हणून मीही म्हणायचो. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. हा मात्र पुण्याला जाऊन मोटारींची वायंडिंग शिकून आला आणि पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देऊ लागला. लॉऱ्यांच्या बॅटऱ्या चार्ज करणं हा जोडधंदा. त्यामुळे सदऱ्याला तेजाबानं पडलेली भोकं कायमची. मी तेव्हा बारामतीतच शिकवत होतो. बॅटरीवरची इंग्रजी पुस्तकं तो कुठून तरी पैदा करायचा आणि मला दुकानात बसवून म्हणायचा, "मास्तर, ह्ये काय म्हनतंय बघा." मी वाचून अर्थ सांगायचो. निम्म्या वेळा त्याला तो माझ्याआधी कळलेला असायचा, पण मला तसं जाणवू द्यायचा नाही.

अशात ती मोटार आली. विलीन झालेल्या एका लहानशा संस्थानाची ती गाडी गुळाच्या एका आडतदार शेठजींनी लग्नांना भाड्यानं देण्यासाठी घेतली होती. संस्थानचा जुना ड्रायव्हर तिला लिमोझिन म्हणे, गाव लांबडी मोटार म्हणे. मागच्या बाजूला सहा माणसं समोरासमोर बसतील एवढी ऐसपैस जागा, आणि चालवणारा व बसणारे यांच्यामध्ये सरकती काच. दोन लग्नसराया झाल्या आणि इंजिन फुटलं. सुटे भाग विलायतेतून येईनात. शेठजी ती भंगारात काढायला निघाले, तेव्हा तात्या त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, "मला द्या. लायटीवर चालवून दावतो." एका बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचा डायनामो त्यानं इंजिनाच्या जागी मोटार म्हणून बसवला आणि लॉऱ्यांच्या बॅटऱ्या सीटखाली, पायाखाली, मागच्या पेटीत, जागा मिळेल तिथं कोंबल्या. शेठजींच्या शेडमध्ये वर्षभर हे काम चाललं, तो दुसरं काही बोलला नाही.

मी त्याला चिडवायचो. गावातली वीज पुरत नाही म्हणून तेलाच्या इंजिनावर वीज करतोस, ती बॅटरीत भरतोस आणि तिच्यावर गाडी हाकतोस. मग तेलावरच का हाकत नाहीस, हा द्राविडी प्राणायाम कशाला? तो चिडत नसे. कोयनेची वीज यायची आहे, ती आली की घरोघरी येईल, मग तेल लागतंय कशाला, म्हणायचा. आणि लांबडी मोटारच का, याचंही उत्तर तयार असे. बॅटरीला जागा लागते, ती लांब गाडीतच मिळते. मोठ्या लोकांना आवाज नको असतो, वास नको असतो. "आदी मोठी लोकं बसत्याल. त्येंचं बघून बारकी बसत्याल. बाजारला जाताना तुमी लायटीच्या मोटारीतनं जानार मास्तर, लिहून ठेवा." मी लिहून ठेवलं नाही. हसलो फक्त.

शेठजींची अट साधी होती. मोटारीनं बारामतीहून इंदापूर गाठायचं, वाटेत कुणी ढकलायचं नाही. "गेली तर मोटार तुजी, शेडबी तुजी, आनि दुसरी बनवायला माल मी देतो. न्हाय गेली तर भंगारवाल्याला सांगावा धाडलाय." नेमकं त्याच महिन्यात माझं लग्न इंदापूरच्या मुलीशी ठरलं, मुहूर्त गोरज. तात्या स्वतःच म्हणाला, नवरदेव मी नेतो. शेठजी तर वऱ्हाडात होतेच. त्यांनी आधी पुढे जाऊन मांडवात बसून वाट पाहायची असं ठरलं.

आदल्या दिवशी तात्यानं मला बाजूला घेतलं. गाडी एकदा चालू लागली की तिला फार काही लागत नाही, पण उभी गाडी जागची हलवायची म्हणजे बॅटरीचा जीव निघतो, हे त्यानं मला समजावून सांगितलं. "आईस्नी सांगा. एक नारळ बारामतीच्या शिवंवर, एक इंदापूरच्या. मधल्या गावांचं बसल्या जागेवरनं ववाळा. येवढं करा मास्तर." मी मान हलवली. आमच्याकडे नवरदेव लग्नाला निघाला की प्रत्येक गावाच्या शिवेवर गाडी थांबते, नारळ ओवाळून फुटतो, मगच चाक पुढं सरकतं. आईनं मला वडिलांमागे एकटीनं वाढवलं होतं आणि ती शिवांना फार भ्यायची. तिला हे सांगायचं म्हणून मी संध्याकाळी दोनदा स्वयंपाकघरात गेलो आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो. सकाळी नारळांचं पोतं गाडीत चढताना तात्यानं विचारलं, "ह्ये कशाला?" मी म्हणालो, "मांडवात लागतील." त्यानं पोतं उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि तेवढा भार कमी व्हावा म्हणून जादाचं चाक काढून शेडमध्ये ठेवलं.

दुपारी तीनला निघालो. एवढी मोठी गाडी, आणि आवाज फक्त खडीवरच्या चाकांचा. रस्त्यातले बैलसुद्धा बुजले नाहीत. मागे मी, आई, मामा आणि दोन करवल्या. हळद लागलेल्या अंगाला वारा नको म्हणून आईनं मधली काच लावून घेतली होती. पहिली शीव आली तशी तिनं हातातल्या अंगठीनं काचेवर दोनदा वाजवलं. तात्यानं थांबवली, ही ठरलेलीच होती. दुसऱ्या शिवेला पुन्हा टक टक. तात्यानं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी मुंडावळ्या सारख्या करू लागलो. पुढं दर गावाला हेच... लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव. तात्याच्या समोर बॅटरीचा जोर दाखवणारा एक काटा होता. गाडी उचलताना तो सपकन खाली यायचा आणि प्रत्येक वेळी परत वर जाताना आधीपेक्षा थोडा कमी जायचा. शेळगावच्या पुढे तात्यानं मागं पाहणं सोडलं. त्याची मान घामानं भिजली होती. काच सरकवून एक शब्द बोलायचा होता मला. हात पुढंही केला होता. "काय रं, गरम व्हतंय व्हय?" आईनं विचारलं. मी नाही म्हणालो आणि हात मागं घेतला.

निमगावच्या शिवेवरचा नारळ फुटला आणि गाडी माणसाच्या चालीनं निघाली. इंदापूर दोन-अडीच मैलांवर आलं असताना एका चढावर ती हलकेच थांबली. सूर्य कलला होता. तात्या खाली उतरून मागच्या दाराशी आला. "अर्धा तास इसावा द्या, बॅटरी परत जीव धरती. चढावर समदी उतरून चाला फकस्त." मामा उसळले. "नवरदेव पायी? आनि मुहूर्त काय तुजी बॅटरी बघून थांबतोय?" शेजारच्या मळ्यातून त्यांनी बैलजोडी आणली आणि लांबड्या मोटारीला जुंपली. आम्ही बैलांमागे इंदापुरात शिरलो. पोरं मोटारीपुढं नाचत होती, ओट्यांवरची माणसं पोट धरून हसत होती. तात्या स्टिअरिंग धरून सरळ समोर बघत बसला होता.

मुहूर्त साधला. मांडवाच्या दारात शेठजी उभे होते. त्यांनी बैलांकडे पाहिलं, मग तात्याकडे. "काय झालं?" आई माझ्याशेजारी, नारळांचं रिकामं पोतं करवलीच्या हातात. एक वाक्य पुरलं असतं. तात्या माझ्याकडे न बघता म्हणाला, "बॅटरी कमी पडली. हिशेब चुकला माजा." मी मांडवात शिरलो. अक्षता पडत होत्या, मंडळी सुखी होती, आणि मी स्वतःला बजावत होतो की ही वेळ नव्हे, उद्या सांगू. पुढच्या आठवड्यात भंगारवाला आला. तात्यानं शेठजींकडे फक्त ती मधली काच मागून घेतली.

ती त्यानं दुकानात पुढची जागा आणि आतली काम करायची खोली यांच्यामधल्या भिंतीत बसवली. गिऱ्हाईक यायचं, काचेवर दोनदा बोट वाजवायचं, काच सरकायची आणि तात्याचं डोकं दिसायचं. मला ते बघवत नसे. माझी बदली बावड्याला झाली तेव्हा खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. तरी बारामतीला गेलो की जायचो, चहा प्यायचो. तो पुढच्या मोटारीबद्दल बोलायचा, मी त्या दिवसाबद्दल न बोलता उठायचो. त्यानंही कधी विषय काढला नाही. त्याला कळलंच नसेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

दहाव्याला गेलो तेव्हा वहिनींनी आतली खोली उघडून दाखवली. सहा वर्षांत त्या खोलीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्याच्या बाकासमोर भिंतीवर निळ्या रंगानं एक लांब मोटार काढलेली, आणि तिच्याखाली बारामतीपासून इंदापूरपर्यंतची गावं ओळीनं. प्रत्येक गावापुढे एक वाटोळी खूण. बॅटरी भरायची ठिकाणं असतील, असं मला वाटलं. वहिनींना विचारलं.

"त्ये व्हय? त्ये नारळ हायती," त्या म्हणाल्या. "म्हनायचे, नव्या मोटारीत दर शिवंला एक थांबा धरायचा. मास्तरांची आई थांबनारच, आनि मास्तर तिला न्हाय म्हननार न्हाईत. मंग बॅटरीच वाढवाय पायजे."

मी बाहेर आलो. वहिनींनी आतून दार ओढून घेतलं. दुकानाच्या पुढच्या जागेत कुणी नव्हतं. काचेवर दोनदा बोट वाजवलं आणि म्हणालो, "तात्या, मी आईला सांगितलंच नव्हतं." मग नेहमीच्या सवयीनं, काच सरकायला जागा व्हावी म्हणून, एक पाऊल मागं सरून उभा राहिलो.