काचेतली राखाडी भिंत

रंगांच्या कारखान्यात एकतीस वर्षे ग्राहकाच्या नमुन्याशी रंग जुळवणाऱ्या मास्तरांना कंपनीच्या परगावच्या कचेरीतून परिपत्रक आले. कारखाना दुरुस्तीसाठी बंद असेपर्यंत व्हिडिओ बैठकीस घरून बसताना पार्श्वभूमी राखाडी असावी, आवाज घुमू नये, चेहरा उजळ दिसावा, असे त्यात बारा कलमांत बजावले होते. ज्या व्यवस्थापनाला मास्तरांच्या कारखान्यातल्या खोलीतला मोडका पंखा नऊ वर्षे दिसला नाही, त्याला आता त्यांच्या घरची भिंत खुपू लागली होती.

मास्तरांनी तो कागद केराच्या टोपलीत टाकला असता. पण शेवटच्या ओळीने त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. येत्या सोमवारच्या बैठकीत रंगजुळणीचे यंत्र घेण्याबाबत निर्णय होणार होता, आणि मास्तरांनी आपली बाजू मांडायची होती. यंत्र आले की मास्तरांच्या डोळ्यांना काम उरणार नव्हते. निवृत्तीला अद्याप सात वर्षे होती.

तयारी मुलीने हाती घेतली. "बाबा, पडद्यावर तुमचं नुसतं कपाळ आणि छत दिसतंय," म्हणत तिने लॅपटॉपखाली तीन जाडजूड शब्दकोश सारले. "आणि बोलताना त्या वरच्या टिकलीकडे बघा. तोच कॅमेरा."

"टिकलीकडे बघून माणसांशी बोलायचं?"

"आईशी नाही का पेपरात बघून बोलत?"

आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमत होता, म्हणून बायकोने समोर दोरी बांधून दोन रजया टांगल्या. उरली भिंत. मूळची सायीच्या रंगाची ती भिंत पडद्यावर कावीळ झाल्यासारखी वाटे. मास्तरांनी डबे आणले, खिडकीचे पडदे ओढले, दिवा लावला. हात मारायचा, सुकू द्यायचा, खुर्चीत बसून लॅपटॉपच्या काचेत पाहायचे, पुन्हा थेंबभर निळा, चिमूटभर लाल. दिव्याखाली रंग ठरवणारा माणूस कानाने चव घेईल, असे ज्यांनी कारखान्यात जन्मभर बजावले, तेच मास्तर!

पण त्या खोलीत दिवसाचा पत्ता नव्हता. रजयांनी गल्लीतले आवाज गिळून टाकले होते. गाड्यांचे भोंगे पाण्याच्या तळातून आल्यासारखे येत आणि विरून जात. काचेत दुसरेच मास्तर बसलेले असत. त्यांच्या डोळ्यांखाली काळे नव्हते, त्यांना खोकला नव्हता, कोणी कधी त्यांच्यावर आवाज चढवला नसावा. त्यांच्यामागे हळूहळू एक राखाडी पसरत होती, पहाटे धुक्यात उभ्या राहिलेल्या पाण्यासारखी. मास्तर तासन् तास त्या गृहस्थाकडे पाहत बसत आणि आपणही तसेच असल्याचे त्यांना वाटू लागे.

रविवारी सातवा हात सुकला. बायकोने दार उघडले, तसा बाहेरचा उजेड भिंतीवर पडला.

"अहो, हे काय केलंत?"

"राखाडी."

"ही राखाडी? मग मी राजकन्या!"

"भिंतीकडे नको, इथे बघ," मास्तर काचेवरून नजर न काढता म्हणाले.

तिने काचेत पाहिले, भिंतीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. "आणि म्हणे यांना डोळ्यांचा पगार मिळतो," असे पुटपुटत ती गेली.

सोमवारी व्यवस्थापक पडद्यावर अवतरले. "वा मास्तर, काय रुबाब! स्टुडिओत बसलात की काय? बरं, यंत्राचं नंतर. आधी तुमचा डोळा बघू." त्यांनी कॅमेऱ्यापुढे ग्राहकाचा नमुना धरला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन कार्डे. "कुठलं जुळतं?"

काचेत तिन्ही सारखीच दिसत होती. काचेतला गृहस्थ ऐटीत काहीतरी ठोकून द्यायला तोंड उघडणार, इतक्यात मास्तरांनी खुर्चीतून प्रथमच मागे वळून पाहिले. खिडकीच्या पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी भिंतीवर पडली होती, आणि त्या पट्टीत भिंत वांग्याच्या सालीसारखी जांभळी होती.

मास्तर उठले. रजया ओढून काढल्या, दिवा मालवला, पडदे सारले.

"साहेब, ही बघा माझी राखाडी," ते म्हणाले, आणि आवाज पुन्हा विहिरीत गेला. "काचेत बघून रंगवली. ज्या चुकीसाठी मी तिघांना झापलं, तीच केली. या काचेत कुठलं कार्ड जुळतं ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. नमुना आणि कार्डं पोस्टानं पाठवा. सकाळी नऊला उत्तरेच्या खिडकीत बघून सांगतो."

बैठकीतले कोणीतरी हसले. "तुमचा आवाज घुमतोय, मास्तर," एवढे बोलून व्यवस्थापकांनी बैठक आटोपली. नोकरी गेली, असे मास्तरांनी मनाशी धरले आणि मुकाट्याने रजयांच्या घड्या घातल्या.

गुरुवारी पाकीट आले. आत नमुना आणि ती दोन कार्डे. चिठ्ठी नाही, नमस्कार नाही. शुक्रवारी नऊच्या ठोक्याला मास्तर खिडकीत उभे राहिले. उत्तरेचा शांत, सावळा उजेड तिन्ही तुकड्यांवर सारखा उतरला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी साधा फोन लावला.

"साहेब, दोन्ही नाहीत. डाव्यात काळा जास्त आहे, उजव्यात निळा कमी."

"उजवं यंत्रानं केलंय, मास्तर. विकणाऱ्यांनी दाखवायला आणलं होतं."

"असेल. निळा कमी आहे."

"ग्राहकही तेच म्हणतोय," व्यवस्थापकांनी कबूल केले. "यंत्र राहू दे सध्या. तिसरं कार्ड तुम्ही करा."

पंख्याबद्दल ते त्याही दिवशी काही बोलले नाहीत.

मास्तर भिंतीला मूळचा रंग द्यायला डबा उघडू लागले, तर बायकोने हात धरला.

"असू दे हो. संध्याकाळी बरी दिसते."

संध्याकाळी तिघे त्या खोलीत दिवा न लावता बसले. उजेड ओसरत गेला तशी जांभळी भिंत मऊ झाली, दूर गेली, आणि अंधार पडण्याआधी क्षणभर खरोखरच राखाडी झाली.