जुलैच्या पत्रकातली चौथी नोंद

महाडच्या एका खाजगी वैद्यकीय कॉलेजच्या ग्रंथालयात शर्मिला चौदा वर्षं काम करते आहे. दर महिन्याच्या एक तारखेला ती ‘ग्रंथालय वार्ता’ नावाचं दोन पानी पत्रक काढते. नवीन पुस्तकं कोणती आली, कुठलं नियतकालिक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतं, कुठल्या संकेतस्थळाचा पासवर्ड बदलला, असलं सगळं त्यात असतं. पत्रक सगळ्या डॉक्टरांना ईमेलने जातं आणि एक प्रत फलकावर लागते. वाचत कोणी नाही. एकदा तिने मुद्दाम मागच्याच महिन्याचं पत्रक तारीख बदलून पाठवलं, तर दोघांनी ‘उत्तम उपक्रम’ असं उत्तर धाडलं.

वाचत तर तीही नव्हती. नोंद करायची म्हणजे मथळा, लेखक, विषय आणि लिंक. खाली लेखाचा सारांश उचलून चिकटवायचा. टपाल वाटणाऱ्याने प्रत्येक पत्र फोडून वाचावं असं कोण म्हणेल?

पण हे तिच्या वडिलांना, कापडे गावच्या बौद्धवाडीतल्या नाथूबाबांना, कोण समजावणार? डॉक्टरांची सगळी पुस्तकं जिच्या ताब्यात, तिला डॉक्टरांपेक्षा चार गोष्टी जास्तच कळणार, असा त्यांचा सरळ विचार. वाडीत कोणाला साधी शिंक आली तरी ते म्हणत, “आमच्या शर्मीला फोन लावा.” सुरुवातीला ती सांगायची की बाबा, मी डॉक्टर नाही. पुढे तेही सांगेनाशी झाली. खरं बोलायचं तर तिला ते आवडायचं. कॉलेजात तिला कुत्रं विचारत नव्हतं. वाडीत तिच्या शब्दावर माणसं गोळ्या गिळत होती.

गेल्या वर्षी जुलैत लावणी उरकली आणि नाथूबाबांना ताप भरला. धाकटा मुलगा सुशांत त्यांना पोलादपूरच्या दवाखान्यात न्यायला निघाला होता, रिक्षा दारात आली होती. म्हाताऱ्याने ती थांबवून ठेवली आणि आधी लेकीला फोन लावायला लावला. ताप आहे, पोटऱ्या इतक्या ठणकतायत की उभं राहवत नाही, डोळेही लाल झालेत, असं सुशांतने सांगितलं. शर्मिला तेव्हा पुस्तकांवर क्रमांक चिकटवत होती. आठ दिवस चिखलात वाकून काढल्यावर पोटऱ्या दुखणारच, ती म्हणाली. व्हायरल असेल. तापाची गोळी घ्या, पेज प्या, घरीच पडून राहा. रिक्षा रिकामी परत गेली. दुसऱ्या दिवशीही तिने हेच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली, तेव्हा सुशांतने कोणालाही न विचारता बापाला गाडीत घातलं. महाडला पोहोचेपर्यंत डोळे पिवळे झाले होते. डॉक्टरांनी लेप्टो सांगितला, शेतातल्या चिखलपाण्यातून होणारा ताप. पहिल्याच दिवशी आणलं असतं तर साध्या गोळ्यांवर बरे झाले असते कदाचित, असंही सांगितलं. आठवड्याच्या आत नाथूबाबा गेले.

चार दिवसांनी शर्मिला कामावर आली, कारण ऑगस्टचं पत्रक राहिलं होतं. मागच्या पत्रकातला मजकूर पुसून त्याच साच्यात नवा भरायचा, ही तिची नेहमीची पद्धत. तिने जुलैचं पत्रक उघडलं. त्यातली चौथी नोंद होती, ‘भातशेती करणाऱ्यांमधील लेप्टोस्पायरोसिस; मोफत उपलब्ध.’ खाली सारांश होता: ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, लाल डोळे, त्वरित उपचार आवश्यक. पान रिकामं दिसू नये म्हणून त्या ओळींचं अक्षर तिनेच मोठं केलं होतं. ती स्वच्छतागृहात गेली आणि कडी लावून रडली.

पुढच्या रविवारी वाडीच्या विहारात शोकसभा झाली. रीतीप्रमाणे एकेकाने उठून दोन शब्द सांगितले. निवृत्त शिक्षक राजेंद्र गुरुजी म्हणाले की अशी लेक मिळायला नशीब लागतं, नाथूदादा शेवटपर्यंत तिच्याच सल्ल्याने चालले. माणसांनी माना डोलावल्या. शर्मिलाला ते सोसवेना. ती उभी राहिली.

“सुशांत बाबांना दवाखान्यात नेत होता. मी घरी ठेवायला सांगितलं. तो आजार माझ्याच पत्रकात छापला होता, आणि मी तो वाचला नव्हता. माझ्यामुळे बाबा गेले.”

गुरुजींनी हाताला धरून तिला खाली बसवलं. पोर दुःखाने काहीबाही बोलतेय, म्हणाले. बायकांनी पाठीवरून हात फिरवले आणि चहा आला. कोणाला पटलंच नाही; इतकी वर्षं जिच्या सल्ल्याने चाललो ती चुकते म्हटलं तर स्वतःच्याही किती गोष्टी उकराव्या लागल्या असत्या. शेजारची जानकीबाई तर निघताना नातवाच्या खोकल्याला कुठलं औषध देऊ, असं विचारू लागली. दवाखान्यात न्या म्हटल्यावर तिला राग आला, शर्मी हल्ली भाव खाते असं पुटपुटत ती गेली.

लेकीचा शब्द खरा मानला तो एकट्या आईने. पाहुणे पांगल्यावर सोनाबाईने शर्मिलाची पिशवी भरून ओट्यावर आणून ठेवली.

“पाचची गाडी हाय,” ती म्हणाली. “आन् शर्मे, आता फोन करू नको गो. मला तो उचलवायचा नाय.”