हळब्यांची उजवी बाजू

पद्माकर हळब्यांचं लग्न का झालं नाही, याचं उत्तर त्यांच्या हॉलमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या मिळायचं. समोर कंबरेएवढे दोन स्पीकर, आणि दोन्हींपासून अगदी सारख्या अंतरावर एक वेताची खुर्ची. एकच. स्टीरिओचा खरा आनंद खोलीत एकाच जागी मिळतो, तिथून वीतभर सरकलं की सगळं फिसकटतं, असं हळबे सांगत आणि ते खोटं नव्हतं. पण म्हणून माणसाने घरात दुसरी खुर्चीच आणू नये? येणारे लोक आपले सतरंजीवर बसत.

हळबे मूळचे मिरजेचे. अठ्ठ्याहत्तर साली बेंगळुरातल्या सरकारी कारखान्यात, रडारच्या विभागात, इंजिनियर म्हणून लागले आणि चामराजपेटेत कमलाक्कांच्या घराचा वरचा मजला त्यांनी भाड्याने घेतला. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी मुक्काम तिथेच. भिंतीला लागून सात अ‍ॅम्प्लिफायर, चार टर्नटेबल, दोन स्पूलचे टेपरेकॉर्डर आणि अडीच हजारांच्या आसपास तबकड्या. सगळी यंत्रं त्यांच्या तरुणपणातली, सगळी चालू, सगळी लखलखीत. धूळ असलीच तर स्वयंपाकघरात.

सोमवार ते शनिवार हळब्यांशी कोणी बोलत नसे. भाजीवाला काय ते विचारी, आणि जिन्यात गाठ पडली तर खालच्या कमलाक्का. त्यांचं घराणं चार पिढ्या इथलं, त्यामुळे मराठीत निम्मं कानडी. "ऊटा झालं का, अण्णा?" त्या विचारत. "झालं जेवण," हळबे म्हणत, की संपलं संभाषण. एकटेपणाची सवय होते म्हणतात. हळब्यांना ती झाली नव्हती. झाल्यासारखं दाखवायची सवय झाली होती. शनिवारी संध्याकाळी मात्र या गृहस्थांच्या अंगात येई. कॉफीची ताजी पूड दळून आणायची, आठ पेले घासून पालथे घालायचे, सतरंजी गच्चीवर नेऊन झटकायची. कारण दुसऱ्या दिवशी रविवार, आणि रविवारी लोक येत.

लोक येत ते त्यांच्या कानासाठी. शहरात जुन्या यंत्रांचे शौकीन पुष्कळ, आणि त्यांच्यात हळब्यांच्या कानाचा भलता दबदबा. कोणी कुठून जुना अ‍ॅम्प्लिफायर पैदा केला, कोणाचा टेपडेक कुरकुरू लागला, की तो उचलून चामराजपेटेत आणायचा. हळबे तो आपल्या स्पीकरांना जोडत, ठरलेली एक तबकडी लावत, डावीकडे सतार आणि उजवीकडे तबला अशी, आणि खुर्चीत बसून डोळे मिटत. पाच मिनिटांत निदान. मग सेट एस. पी. रोडवर शिवकुमारकडे दुरुस्तीला जाई, आणि त्याने उघडून पाहावं तर दोष नेमका तिथेच. फी वगैरे काही नाही. अट एकच, कॉफी घेतल्याशिवाय निघायचं नाही. पाच मिनिटांचं निदान हळबे चाळीस मिनिटं लांबवत.

माणसांची नावं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. फोनमध्येसुद्धा माणसं सेटच्या नावावर. मारतहळ्ळीचा शार्दूल म्हणजे 'टेपडेक'. बेळ्ळंदूरला राहणारी, आयटीत काम करणारी नागपूरची स्वानंदी म्हणजे 'निळा डायल'. तिच्याकडे शहात्तर सालचा जपानी अ‍ॅम्प्लिफायर होता, चालू केला की त्याची काच निळी उजळायची. अठरा किलोचं ते धूड शेजारच्या सीटवर ठेवून ती टॅक्सीने सव्वा तासाचा प्रवास करून येई. तिच्या घरी कोण असतं, ती एकटी राहते की कसं, हे हळब्यांनी कधी विचारलं नाही. डायलमागचा दिवा मूळचाच आहे का, हे मात्र दोनदा विचारलं.

या वर्षी पाडव्यानंतर एक चमत्कार झाला. बेंगळुरातल्या समस्त जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांची उजवी बाजू एकाएकी बिघडली. शार्दूलचा डेक उजवीकडून मंद. कोणा डॉक्टरांचा रेडिओग्राम, तोही उजवीकडून मंद. "तलावांच्या बाजूला राहता ना, दमट हवेने आतले भाग सडतात," असं हळब्यांनी निदान केलं. मग चामराजपेटेजवळचेही सेट का सडावेत, हे विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती. कान हळब्यांचा होता.

सगळ्यात वाईट गत निळ्या डायलची. स्वानंदी तो दुरुस्त करून आणी, आणि हळबे मान हलवत.

"काका, शिवकुमारने मीटर लावून चेक केलंय. दोन्ही साइड सेम येतायत."

"मीटरला काय कळतंय? तबल्याची चाट बोथट येतेय. पुन्हा ने."

ती पुन्हा नेई. शिवकुमार बिचारा धडधाकट भाग काढून त्या जागी दुसरे घाली, कारण मीटर आणि सर यांच्यात त्याने जन्मभर सरांनाच मानलं होतं. असं तीनदा झालं. सप्टेंबरात चौथ्या खेपेला हळब्यांनी निकाल देऊन टाकला.

"हा आता सोडून दे. शिवकुमारला दे, सुट्या भागांसाठी."

स्वानंदीचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे आता आणायचाच नाही?"

"आणून काय करायचंय?"

तिने कॉफी तशीच ठेवली. शिवकुमारने पुढच्या रविवारी सेट इथूनच न्यावा, असं ठरलं आणि ती रिकाम्या हाताने जिना उतरली. पोरीचा जीव फार सेटवर, असं हळब्यांना वाटलं.

त्यांनाही चुटपुट लागली होती. इतका देखणा सेट मोडीत काढायचा! मंगळवारी दुपारी त्यांनी शेवटचं म्हणून तो पुन्हा जोडला. आणि दुसऱ्यांना ते जे नेहमी शिकवत, ते त्यांनी सहा महिन्यांत पहिल्यांदाच स्वतः केलं. नियम साधा आहे. डावं-उजवं अदलून पाहा. दोष कुठे जातो ते बघा. जिथे जातो तिथे तो राहतो.

आधी अ‍ॅम्प्लिफायरमागच्या, स्पीकरांकडे जाणाऱ्या तारा अदलल्या. तबला डावीकडे आला आणि त्याची चाट खणखणली. सतार उजवीकडे गेली आणि तिच्या तारा बोथटल्या. म्हणजे सेट निर्दोष. निळा डायल चांगला होता! मग आपला उजवा स्पीकर? एकाहत्तराव्या वर्षी, एकट्याने, चाळीस-चाळीस किलोची ती खोकी ढकलत त्यांनी जागा बदलल्या. खालून कमलाक्का ओरडल्या, "अण्णा, स्वल्प हळू, माळवद खाली येईल!" उजवी बाजू मंदच. आता उरली भिंत. त्यांनी पांघरुणं टांगली, गादी उभी केली, खिडकी उघडली, लावली. शहाण्या माणसाला हे आधीच कळलं असतं. पण शौकिनाचा एक स्वभाव असतो, तो सगळ्या जगावर संशय घेईल, स्वतःवर सगळ्यात शेवटी.

चार वाजता करण्यासारखं काही राहिलं नाही तेव्हा त्यांनी खुर्ची उलटी फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून बसले. उजवा स्पीकर आता डाव्या कानाशी आला, आणि स्वच्छ वाजू लागला. इतका वेळ स्वच्छ वाजणारा डावा मंद झाला. दोष त्यांच्याबरोबर फिरला होता. तबकडी संपून सुई आतल्या कडेला खरखरत राहिली, तरी हळबे उठले नाहीत. ते घाबरले होते.

गुरुवारी कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून हातात दिला. आलेख वाचायला हळब्यांना कोणाची गरज नव्हती. उजवी रेघ दोन हजार हर्ट्झच्या पुढे कोसळली होती, आणि डावीही तिच्या मागोमाग निघाली होती. असा आलेख एखाद्या स्पीकरचा असता तर त्यांनी तो फुकटसुद्धा घेतला नसता. गेलेलं परत येणार नाही, पण कानाला यंत्र लावलंत तर बोलणं नीट ऐकू येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कोणाचं बोलणं, हा प्रश्न हळब्यांच्या अगदी ओठांवर आला होता.

शनिवारी ते कॉफी दळायला गेले आणि गिरणीसमोर नुसतेच उभे राहिले. न सांगितलं तर कोणाला कळणार होतं? कुठल्या मॉडेलचा काय आजार, हे चाळीस वर्षांत पाठ झालं होतं. अंदाजाने आणखी पाच वर्षं सहज निघाली असती. पण मग त्या पोरीचा चांगला सेट उद्या फोडला जाणार. आणि सांगितलं तर कान गेला, कान गेला की रविवार गेला. रविवार गेला की हळब्यांच्या आठवड्यात काय उरतं, ते त्यांना सोमवार ते शनिवार चांगलंच माहीत होतं. शेवटी त्यांनी नेहमीइतकीच पूड दळून घेतली.

रविवारी पाचजण आले. शार्दूल आपला डेक जोडायला वाकला. शिवकुमार सेट न्यायला गोणपाट घेऊन दारात उभा, आणि स्वानंदी कोपऱ्यात.

"अरे, राहू दे. आज काही लावायचं नाही," हळबे म्हणाले. "तो निळा डायल चांगला आहे. तुझा डेकही चांगला आहे. पाडव्यापासून मी तुम्हाला जे जे सांगितलं, ते सगळं चूक होतं. माझा उजवा कान गेलाय."

कोणी रागावलं असतं तर सोसलं असतं. पण सगळे एकदम चांगले वागू लागले. "अहो काका, होतं. एज आहे," शार्दूल म्हणाला. "आजकाल हिअरिंग एड्स खूप अ‍ॅडव्हान्स्ड आलेत." कोणीतरी आपल्या मावशीचं सांगितलं. आजाऱ्याला भेटायला आल्यासारखे सगळे त्या दिवशी जास्तच वेळ बसले, आणि सेटबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. शिवकुमारने मूळचे भाग एका डब्यात जपून ठेवले होते. "सरी, सर. पुन्हा बसवतो," एवढंच, 'बरं' म्हणावं तसं म्हणून त्याने सेट उचलला. स्वानंदीने हळब्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं बरोबरच आहे, असं त्यांना वाटलं.

पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. हळबे अकरापर्यंत जिन्याकडे डावा कान लावून बसले होते. त्याच्या पुढच्या रविवारी शार्दूलचा निरोप आला, हात जोडलेली दोन चित्रं आणि 'टेक केअर काका'. पालथे पेले पालथेच राहिले. हळब्यांना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आपल्याकडे माणसं येतात, असं ते समजून होते. येत होते ते अ‍ॅम्प्लिफायर.

तिसऱ्या रविवारी त्यांनी कॉफी केलीच नव्हती. साडेदहाला बेल वाजली. दारात स्वानंदी, घामाघूम, आणि तिच्या कवेत निळा डायल.

"ये," हळबे गडबडून म्हणाले. "पण आता मला काही सांगता यायचं नाही गं."

तिने सेट सतरंजीवर ठेवला आणि त्याच्याशेजारी बसली. मग हळब्यांनी तीन आठवडे मनात घोळत असलेली गोष्ट काढली.

"तुझे इतके हेलपाटे झाले माझ्यापायी. तुला स्वतःला कधी उजवी बाजू मंद ऐकू आली होती?"

"नाही."

"एकदाही?"

"फर्स्ट टाइम वाटलं, माझंच चुकतंय. मग घरी हेडफोन लावून ऐकलं. दोन्ही साइड परफेक्ट होत्या."

"एप्रिलमध्येच?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?" हळब्यांचा आवाज चढला. "चार चार वेळा हे धूड घेऊन आलीस! तिकडे तो शिवकुमार चांगला सेट उकरत बसला!"

स्वानंदी सतरंजीची दशी ओढत होती. "सेट ठीक आहे म्हटलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, छान, घरी ने, वाजव. मग पुढच्या रविवारी मी काय घेऊन येणार होते, काका? तीन वर्षं झाली मला इथे. सोमवार ते शुक्रवार कॉलवर बोलते, दोन दिवस कोणाशीच नाही. इथे कॉफी तरी मिळायची. तुम्ही तासभर बोलायचात."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हळब्यांना तिची लाजही वाटली आणि स्वतःचीही, आणि आत कुठेतरी इतका आनंद झाला की त्याचीही लाज वाटली.

"आज काय झालंय याला?" त्यांनी सेटकडे बोट दाखवलं.

"काहीच नाही. पण हातात काही नसताना कसं यायचं?"

हळबे उठले, स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी दूध तापत ठेवलं आणि दारात येऊन उभे राहिले.

"पुढच्या रविवारी हा आणू नकोस," ते म्हणाले. "नुसती ये."

तिने नाक पुसलं. "नुसतं येऊन काय करायचं पण?"

ते हळब्यांनाही माहीत नव्हतं. एकाहत्तर वर्षांत त्यांच्याकडे नुसतं कोणी आलेलंच नव्हतं.