प्रोटीनच्या डब्यात शेळीची पावडर

डबे भरायला मी सांगितलं होतं. हे एवढं एकच वाक्य मला धाराशिवच्या ऑफिसात, कंपनीच्या मॅडमसमोर बोलायचं होतं. मी बोललो ते वेगळंच. "डबे लंकाताईंनी भरले," असं मी म्हणालो. तसं ते खोटं नव्हतं, भरणारे हात त्यांचेच होते. पण सांगायचं ते मी गिळलं, आणि त्यात एका बाईचं नाव गेलं.

मी डायरेक्ट सेलिंगमध्ये आहे. म्हणजे आमच्या कंपनीचा माल दुकानात मिळत नाही. साबण, भांड्यांचं लिक्विड, चहा, प्रोटीन पावडर असा माल आमच्यासारखी माणसं ओळखीपाळखीत विकतात. प्रत्येकाला कंपनीचा एक नंबर असतो, त्याला आयडी म्हणतात. मी ज्यांना जोडलं ती माझी डाऊनलाइन. चौदा वर्षांत माझी डाऊनलाइन परंड्यापासून तुळजापूरपर्यंत पसरली आणि मी लीडर झालो. लीडरला स्टॉल लावायची परवानगी मिळते, आणि नवीन लोकांना नियम शिकवायचं कामही त्याच्याकडंच असतं.

लंकाताई माझ्या डाऊनलाइनमधल्या. गाव जळकोटपासून आत. घरी शेळ्या, थोडी जिराईत जमीन. शिक्षण सातवी, पण माल विकण्यात आमच्या पदवीधरांना मागं टाकायच्या. कारण साधं होतं. पटलं नाही तर त्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायच्या, "हे तुमच्या कामाचं न्हाय, घेऊ नका." त्यामुळं त्या 'घ्या' म्हणाल्या की बायका डोळे झाकून घ्यायच्या.

चैत्रात सोनारीच्या यात्रेत मी स्टॉल लावला होता. वर कंपनीचा निळा बॅनर, खाली टेबल, टेबलावर प्रोटीनचे पांढरे डबे. मदतीला लंकाताई होत्या. स्टॉलवर डेमो असतो. म्हणजे डबा उघडायचा, दुधात पावडर कालवायची आणि कागदी कपातून लोकांना चाखायला द्यायची. डबा रिकामा झाला की त्याचं लेबल फाडून डबा चेपून टाकायचा, असा नियम आहे. दुसरा नियम याहून कडक. कंपनीच्या बॅनरखाली कंपनीच्या मालाशिवाय दुसरं काहीही विकायचं नाही, मग ते घरचं लोणचं का असेना. त्याला आम्ही ब्रँडचा नियम म्हणतो. हे दोन्ही नियम मी शंभरएक लोकांना फळ्यावर लिहून शिकवले असतील.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माणसं आमचं दूध फुकट पिऊन तोंड पुसत पुढं जात होती. एकही डबा गेला नाही. मग मला दिसलं की धोतर-फेट्यातली माणसं टेबलाच्या मागं जाऊन लंकाताईंशी बोलतायत आणि काहीतरी घेऊन जातायत.

"काय चाललंय ताई?"

त्या ओशाळल्या. "सर, घरची पावडर हाय. शेळ्यांची. वळखीच्या लोकांनी सांगून ठिवलं हुतं, म्हणून पिशवीत आणली. बॅनरच्या म्हागं दिली, टेबलावर न्हाय ठिवली."

ती पावडर त्यांच्या सासूच्या रीतीची. हिरडा, ओवा, सुंठ, मेथी, हळद आणि खडेमीठ. शेळी चारा खाईनाशी झाली, पोट धरून उभी राहिली की चिमूटभर गुळात घालून द्यायची. ज्यांच्याकडं जनावरं आहेत त्यांना तिचा गुण माहीत होता.

मी काय करायला हवं होतं? ती पिशवी बॅनरच्या बाहेर, दुसरीकडं कुठंतरी ठेवायला सांगायला हवी होती. मी मात्र गर्दी बघितली. गर्दी बघून गर्दी येते, एवढं गणित मला चौदा वर्षांत कळलं होतं.

"टेबलावरच ठेवा की," मी म्हणालो. "एक पावडर घ्यायला आलेला माणूस दुसरीही बघेल."

"चालतंय का पर ते? तुमीच शिकवलाव, दुसरं काय ठिवू नका म्हणून."

"मी आहे ना इथं."

ठेवली. तासाभरात टेबलापुढं माणसांची रीघ लागली. शेळीची पावडर घ्यायला आलेल्यांपैकी चारपाच जणांनी प्रोटीनही घेतलं. मी खूश. पण लंकाताईंच्या पातळ पिशव्या फाटायला लागल्या, टेबलभर हळद सांडली. आमच्या पायाशी डेमोचे रिकामे डबे पडले होते. रुंद तोंडाचे, फिरकीच्या झाकणाचे, धुवून पुसून स्वच्छ. चेपायचे राहिले होते. खरं सांगायचं तर आमच्याकडं कोणीच चेपत नाही. प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात डाळ-साखर त्याच डब्यांत असते.

"यात भरा," मी म्हणालो.

"लेबल हाय की वर."

"भिजवून काढा."

त्यांनी काढायचा प्रयत्न केला. दोन डब्यांचं निघालं, बाकीच्यांचं निघेना. मग त्यांनी स्केचपेन मागून घेतलं आणि प्रत्येक झाकणावर मोठ्या अक्षरात 'शेळीचे' असं लिहिलं. मी बघून हसलोही. "झालं की ताई, आता तुमचाही ब्रँड झाला."

संध्याकाळी परंडा तालुक्यातलाच बालाजी नावाचा तरुण शेतकरी आला. म्हाताऱ्या वडिलांना अशक्तपणा होता, त्यांच्यासाठी त्यानं प्रोटीनचा डबा घेतला. घरी बारा शेळ्या, म्हणून लंकाताईंचाही एक डबा घेतला. दोन्ही डबे एकाच पिशवीत मी घातले. स्वतःच्या हातानं.

चैत्रातलं ऊन, घामाचे हात, मोटारसायकलीवरचे धक्के. घरी पोचेपर्यंत स्केचपेन पुसून गेलं होतं. दोन्ही डबे पांढरे, दोन्हींवर आमचं लेबल. आत बघून हळद ओळखू यायला हवी होती. पण बालाजीच्या घरात प्रोटीन पावडर आधी कुणी पाहिलीच नव्हती. लेबलावर लिहिल्याप्रमाणे दोन मोठे चमचे दुधात घालून म्हाताऱ्याला सकाळ-संध्याकाळ दिले. कडू लागलं तर सून म्हणाली, "तात्या, औषध कडूच असतंय."

हिरडा काय करतो ते आपल्याकडच्या माणसांना सांगायला नको. जुलाब थांबेनात, तिसऱ्या दिवशी तात्यांना उठवून बसवता येईना. दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. वय मोठं, अंगात पाणी उरलं नव्हतं. डॉक्टर बालाजीला म्हणाले, अजून एक दिवस थांबला असतात तर सांगता आलं नसतं. तिकडं शेळ्या तीन दिवस प्रोटीन खात होत्या, त्यांना काही झालं नाही.

बालाजीनं डब्यावरच्या नंबरवर फोन केला. त्यानं तेच करणं बरोबर होतं.

आठवड्याभरात पुण्याहून कम्प्लायन्सच्या मॅडम आल्या. कम्प्लायन्स म्हणजे नियम पाळले जातात की नाही हे बघणारं खातं. ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी आणि लंकाताई. मॅडमकडं डब्याचे फोटो होते. मला सकाळीच कुणीतरी सांगितलं होतं की लीडरचा सहभाग दिसला तर लीडरपद जातं.

"हे डबे कोणी भरले?" मॅडमनी विचारलं.

तेव्हा मी ते वाक्य बोललो. "लंकाताईंनी भरले."

मॅडम त्यांच्याकडं वळल्या. "तुम्हाला असं करायला कोणी सांगितलं होतं का?"

लंकाताईंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. उत्तर माझ्या ओंजळीत ठेवावं तसं म्हणाल्या, "सर हायेत की हितंच. त्यांस्नीच इचारा."

मॅडमनी मला विचारलं. मी म्हणालो, "मी त्या वेळी जेवायला गेलो होतो."

मॅडमनी कागद पुढं सरकवला, लंकाताईंनी सही केली. त्यांची आयडी बंद झाली. मला ताकीद मिळाली, स्टॉलवर लक्ष ठेवलं नाही म्हणून.

जिन्यात त्या थांबल्या. "सर, जेवायला कवा गेल्ताव वो? स्टॉलवर बसूनच खाल्लं की आपण. माझ्याच भाकरी हुत्या." आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरून गेल्या.

आयडी गेली एवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित विसरलोही असतो. पण बातमी गावात गेली ती अशी, की लंकाबाईनं कंपनीच्या डब्यात भेसळ करून म्हाताऱ्या माणसाला घातली, म्हणून कंपनीनं हाकललं. जिच्या 'घ्या'वर बायका डोळे झाकून घ्यायच्या, तिच्या घरचं पाणी प्यायला बायका कां-कू करायला लागल्या. शेळीवाल्यांनी पावडर बंद केली. बचत गटात त्या अध्यक्ष होत्या. गटानं त्यांना 'थोडं दिवस बाजूला बसा' म्हणून सांगितलं. हे सगळं मला जळकोटच्याच एका डाऊनलाइनकडून कळत होतं. मी 'अरेरे' म्हणायचो आणि विषय बदलायचो. चार महिने बदलला.

मग परंड्याच्या बसस्टँडवर बालाजी भेटला. मला वाटलं, शिव्या देईल. तो शांतपणे म्हणाला, "तात्या बरे हायेत आता. त्या बाई दोनदा येऊन गेल्या घरी. तिकडून हितवर, एस्टीनं. तात्याच्या पाया पडल्या. चूक माझी हाय म्हणल्या."

"हो का," मी म्हणालो.

"मी त्यांना म्हणलं, बाई, तुमी तर मला सांगितलाव की झाकण बघून घ्या म्हणून. म्याच इसरलो. पर दोन्ही डबे एका पिशवीत कुणी घातले? त्या सरांनी घातले. मला चांगलं ध्यानात हाय. आन् सर, कंपनीवाले मला फोनवर म्हणले, तुमी जेवायला गेल्ता म्हणं त्या वक्ताला?"

माझी गाडी लागली होती, मी तिच्यात बसलोही नाही. बाकावर बसूनच मोबाईलवर कंपनीला मेल लिहिला. कोणी ठेवायला सांगितलं, कोणी भरायला सांगितलं, पिशवीत कोणी घातलं, सगळं. जेवायला गेलो नव्हतो हेही.

उत्तर पंधरा दिवसांनी आलं. माझं लीडरपद काढलं. वर्षभर स्टॉल बंद. लंकाताईंची आयडी मात्र आपोआप परत मिळणार नव्हती. नियम त्यांच्याकडूनही मोडला होता, त्यामुळं त्यांनी नवा अर्ज करावा, विचार केला जाईल, असं लिहिलं होतं. कंपनीच्या बाजूनं हे बरोबरच आहे. ब्रँडचा नियम कंपनीच्या तोऱ्यासाठी आहे असं मला वर्षानुवर्षं वाटत आलं. तो खरं तर एका पिशवीत दोन पांढरे डबे घेऊन घरी जाणाऱ्या माणसासाठी होता. मला तो फळ्यावर लिहिता येत होता, एवढंच.

ते पत्र घेऊन मी लंकाताईंच्या गावी गेलो. त्या गोठ्यात होत्या. मला बघून हात धुतले, नवऱ्याला चहा ठेवायला सांगितला. मी पत्र वाचून दाखवलं आणि म्हणालो, "ताई, माझं चुकलं."

"व्हय, चुकलंच की."

"मला माफ करा."

त्यांनी पत्राची घडी घातली आणि परत माझ्या हातात दिली. "घरात मागून काय हुतंय, सर? घरातल्यांना ठावं हाय म्या काय केलं न् काय न्हाय ते. ज्यांना ठावं न्हाय त्यांना सांगा. शुक्रवारी दुपारी समाजमंदिरात गट बसतंय. यायचं तर तवा या. न्हाय आलाव तरी च्या पिऊनच जावा."

नवरा कप पुढं करत म्हणाला, "आन् पुण्याच्या मॅडमवानी मराठी बोलू नका. आमच्या बायकांना कळंल असं बोला."

शुक्रवारी मी गेलो. सोळा-सतरा बायका होत्या, दारात काही शेळीवालेही येऊन उभे राहिले. लंकाताई मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या. सतरंजीवर उभं राहून मी चौदा वर्षं अशा बायकांपुढं माल विकत आलोय, पण त्या दिवशी हातात एकही डबा नव्हता. एक म्हातारी म्हणाली, "बोला की, काय इकायला आलाव?"

"काही विकायला नाही आलो, मावशी," मी म्हणालो. "शेळीची पावडर टेबलावर ठेवा असं मी सांगितलं. लंकाताईंनी विचारलं होतं, चालतंय का म्हणून. मी म्हणालो चालतंय. कंपनीच्या डब्यात भरा असंही मीच सांगितलं. त्यांनी झाकणावर लिहिलं, गिऱ्हाइकाला बजावून सांगितलं. दोन्ही डबे एका पिशवीत मी घातले. पावडरीत काही खोट नव्हती, ती जनावरांचीच होती. भेसळ कुणीही केली नाही."

"मग त्या मॅडमला तवाच का न्हाय सांगितलाव?" म्हातारीनं विचारलं.

"भ्यालो. माझं पद जाईल म्हणून भ्यालो. लंकाताईंनी मला बोलायची संधी दिली होती, तरी मी खोटं बोललो आणि त्यांना पुढं केलं."

मग मी मागच्या भिंतीकडं वळलो. "लंकाताई, तुमचं नाव माझ्यामुळं गेलं. तुमची चूक नव्हती, तीही तुम्ही तात्यांच्या पाया पडून आपल्यावर घेतली, आणि मी चार महिने गप्प बसलो. ह्या सगळ्यांच्या समोर सांगतो, मी तुमचा गुन्हेगार आहे. मला माफ करा."