ताण मी तोडला

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. पोरीजवळ नाही, देवाजवळ तर नाहीच — देवाजवळ बोलायची अजून भीती वाटते. मग तुमच्याजवळ का? मलाच ठाऊक नाही बघा. बसा जरा.

संत्र्याच्या बागेची रीत ठाऊक आहे ना? थंडी पडली की झाडांचं पाणी बंद करायचं. महिना-दीड महिना थेंब द्यायचा नाही. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड पार उतरून जातं — आणि संक्रांतीनंतर पाणी दिलं की अंगभर फुलतं. याला ताण देणं म्हणतात. मधेच पाणी लागलं तर ताण तुटतो, नुसती पालवी फुटते, वर्षाचं फळ गेलं. आमच्या हिंगणीकडे शेंबड्या पोरालाही हे कळतं. मला कळत नव्हतं म्हणू? कळत होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमचे मालक काविळीनं गेले. पंधरा दिवसांत. डोळे हळदीसारखे झाले होते. पुढे बागेची पानं पिवळी पडायला लागली आणि — हसू नका — मला प्रत्येक झाडावर तेच डोळे दिसायला लागले. हीही जाणार, असंच वाटायचं.

किसना आमचा सालगडी, समुद्रपूरकडचा. बायको-लेकरांसह गोठ्यालगतच्या खोलीत राहायचा. त्याला मी दहादा विचारलं असेल, झाडं मेली तर? तो हसायचा. "काऊन भेता बाई? झाड मरून नाई राह्यलं. हिवाया आला, हे त्याले समजते. तुमालेच समजून नाई राह्यलं."

असा राग आला होता त्याचा! त्याच्या घरचं कोणी मेलं होतं का?

बागेला लागून गव्हाचं ओलित चालू होतं. दुपारी किसना निंबाखाली भाकर खायला बसला, की मी फावड्यानं पाटाचा बांध फोडायची अन् पाणी बागेत वळवायची. आज या ओळी, उद्या त्या. मग माती ओढून बंद. ओल पाहून त्यानं विचारलं, तर म्हटलं, बांध फुटला असेल. त्यानं बिचाऱ्यानं बांध आणखी पक्का केला. दुसऱ्या दिवशी मी तोही फोडला.

माघात बाग हिरवीगार — अन् फूल एक नाही. माझे दीर वर्ध्याला नोकरीवर, ते रविवारी आले. बाग पाहून अंगणात आले ते लाल होऊनच. त्याच दिवशी किसनाचं काम गेलं. गड्याचं साल पाडव्याला संपतं; पाडवा दोन महिन्यांवर होता, तोवरही ठेवलं नाही. ताण तोडणारा गडी म्हणून गावात दुसऱ्या कोणी दारात उभं केलं नाही. लेकरं घेऊन ते दोघं एसटीनं गेले. मी कवाडाआडून पाहिलं.

पुढच्या वर्षी ताण मी स्वतः दिला. रोज त्या उघड्या झाडांखाली जाऊन बसायची. पान पडू दिलं. अन् फुलं आली हो — सगळी बाग घमघमली, अन् माझ्या आतलं काहीतरी सैल झालं. त्या दिवशी मालकांसाठी पहिल्यांदा पोटभर रडले. तेव्हापासून मी बदलले. पोर सासरी गेली, सासू गेली, मी कोलमडले नाही. येणारं येतं, जाणारं जातं. बाया म्हणतात, माई किती शांत! मी मान हलवते. पण समुद्रपूरची गाडी थांबली की अजूनही मी कवाडाआड होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की त्या रविवारी मी गप्प उभी होते. भ्याले होते, दीर बाग काढून घेतील, माहेरी धाडतील, म्हणून तोंड उघडलं नाही. गप्प राहणं त्यातल्या त्यात बरं वाटतं ना? पण तसं झालं नव्हतं.

दिरांनी आधी मलाच विचारलं. "वयनी, तुमी रोज वावरात जात होत्या. कोनाची चूक हाये?"

किसना समोरच उभा होता, टोपी हातात घेऊन. त्यानं माझ्याकडे पाहिलं — विश्वासानं. मी खरं सांगेन असंच वाटलं असणार त्याला.

मी म्हणाले, "भाऊजी, किसना दुपारी झोपत होता. म्या सोता पाह्यलं."

तो एकही दुपार झोपला नव्हता.