बोकडामागचा बगळा

किलियान झ्वेरेन्झ आमच्या खालच्या झेल्मबाखचा खाटीक. माझ्या खानावळीला लागूनच त्याचं दुकान. हाताला चव होती, ते नाकारून कसं चालेल? पण देव अक्कल वाटत होता तेव्हा हा बहुतेक सॉसेज भरत बसला असावा.

आमच्या गावाचा झेंडा निळ्या लोकरीचा, त्यावर चांदीच्या तारेने भरलेला बगळा. ओढ्यापलीकडच्या वरच्या झेल्मबाखच्या झेंड्यावर बोकड. मध्ये एक पूल आणि पिढ्यान्‌पिढ्यांची धुसफूस. मग सरकारने गावं जोडायचा सपाटा लावला आणि आम्हा दोघांचं एकच गाव करून टाकलं. शाळा एक झाली, आगीचा बंब एक झाला, कोणी हूं की चूं केलं नाही. पण नव्या गावाच्या ढालीवर, म्हणजे झेंड्यावरच्या चिन्हात, कोणतं जनावर असावं हा विषय निघाला आणि शहाणीसुरती माणसं एकमेकांच्या अंगावर धावली. पोट भरलेल्या माणसांना काहीतरी उद्योग लागतोच.

बैठक माझ्याच खानावळीत भरली. आमच्या बाजूचा पुढारी किलियान. अशी ढालचिन्हं काढण्यात उभा जन्म गेलेले एक म्हातारे चित्रकार आले होते, ड्योबलिन नावाचे. त्यांनी कागद पसरून सगळं समजावलं. ढालीत दोन्ही जनावरं राहतील. वरचं गाव मोठं, म्हणून पुढची मानाची जागा बोकडाला. रीत अशी की ढालीवरची जनावरं सगळी एकाच बाजूला तोंड करून असतात, म्हणजे मागच्या बगळ्याला पुढच्या बोकडाची पाठ दिसणार. पण शेजारधर्म म्हणून पुढच्याने मागे वळायचीही रीत आहे. बोकड वळवू, दोघं समोरासमोर येतील. वरचे लोक कुरकुरले, पण हो म्हणाले. इथे विषय संपायला हवा होता.

किलियान उठला. "तो बोकड रात्रंदिवस आमच्या बगळ्याकडे टक लावून बघणार? मुळीच नाही. त्याचं तोंड तिकडेच राहू दे."

म्हाताऱ्याने चष्मा पुसून पुन्हा विचारलं. मीही हातातले पेले टेबलावर ठेवले आणि म्हटलं, बाबा रे, नीट विचार कर, मागे कोण उभं आहे ते बघ. तर मला म्हणतो, "तू बिअर ओत, ट्राउडल." मी ओतली. आमच्या बाजूच्या मेंढरांनी माना डोलावल्या, ठराव झाला, सरकारची मंजुरीही आली. मग कचेरीवर नवा झेंडा चढला आणि अख्ख्या गावाने वर पाहिलं. पुढे ऐटीत बोकड, आणि त्याच्या शेपटाखाली नेमकी चोच धरून आमचा बगळा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वरचे लोक पोट धरून हसले. आमचेही हसले, फक्त घरात जाऊन.

किलियाननेही हसून सोडून द्यायचं होतं. छे! त्याने नेमबाज मंडळाच्या कपाटातून आमचा जुना झेंडा काढून घरी नेला आणि पेटीत कुलूपबंद केला, वरच्यांचा हात लागायला नको म्हणून. जत्रेत डिवचायला बोकडाच्या मांसाचे सॉसेज विकायला घेतले. वरच्यांना ते इतके आवडले की दुपारपर्यंत टोपल्या रिकाम्या.

आणि मग त्याची एकुलती एक रोझविथा वरच्या ओटमारच्या प्रेमात पडली. ओटमार म्हणजे दोन्ही गावांच्या नेमबाज मंडळाचा झेंडेकरी. लग्नाची मिरवणूक नव्या झेंड्यामागून निघाली, आणि वधूपिता माझ्याकडे सूप पीत बसलेला. मी म्हटलं, "पोरीचं लग्न आहे, जा."

"त्या बोकडामागून मी चालणार नाही."

"बगळा चालतोच आहे की."

त्याने चमचा ठेवला आणि गेला. चर्चकडे नाही, घराकडे.

त्यानंतर त्याने पुलावर पाऊल ठेवलं नाही. रोझविथा मात्र दर वसंतात यायची. केक आणायची, त्याचे शर्ट धुवायची आणि म्हणायची, बाबा, पेटी उघडा, झेंड्याला ऊन दाखवते, लोकर आहे, कसर लागेल. हा म्हणायचा, बोकडाच्या घरात राबणाऱ्या हातांनी त्याला शिवायचं नाही. शर्ट धुतलेले चालायचे. मला असा संताप यायचा! तिला नाही यायचा, किंवा गिळायची.

आमच्याकडे मंडळाचा माणूस गेला की उघड्या कबरीवर झेंडा तीनदा झुकवतात. किलियान अंथरुणाला खिळला तेव्हा त्याने रोझविथाचा हात धरला आणि मागणं मागितलं: माझ्यावर फक्त बगळ्याचा झेंडा झुकवायचा. तिने शब्द दिला. जिन्यावर मला म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं त्यांनी माझ्याकडे."

दफनाच्या सकाळी तिने पेटी उघडली, मी शेजारी होते. घडी उचलली आणि निळा भुगा तिच्या मांडीवर सांडला. कसरीने सगळी लोकर फस्त केली होती. चांदीची तार तेवढी कसरीला खाता आली नव्हती, म्हणून हातात राहिला नुसता बगळा, जाळीसारखा. ती तशीच जमिनीवर बसून राहिली. मेलेल्याला शिव्या देऊ नयेत, पण मी दिल्या, मोठ्याने.

कबरीशी ओटमार नवा झेंडा घेऊन उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने मानेनेच हो म्हटलं. झेंडा तीनदा झुकला, बोकड पुढे, बगळा मागे, चोच तिथेच. आमच्यातल्याच एकाने खोकल्याचं सोंग करून हसू दाबलं.

मग मूठमूठ माती टाकायला सगळे पुढे झाले. रोझविथाने माती घेतली नाही. तिने पर्समधून तो बगळा काढला.

"घ्या बाबा," ती म्हणाली. "आता याच्या शेजारी कोणीही नाही."

तिने तो खाली सोडला, ओटमारचा हात धरला आणि दोघं पुलाकडे निघून गेली.